मुंग्या

मे महिना, पारा चव्वेचाळीस,
आणि अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यामागे,
पत्र्याच्या शेडखाली गरम पाण्याचा टब.
सोलापुरात हे कुणी विकत घेईल का?
हत्तुरेंनी घेतला होता.
महाबळेश्वरच्या बंद पडलेल्या हॉटेलाच्या लिलावात,
जुन्या सोफ्याच्या भावात,
आईच्या गुडघ्यांसाठी.
नळाला पाणी पाचव्या दिवशी; टबासाठी टँकर.

"तसं सगळं ओके आहे मॅडम.
फक्त आई म्हणते, पाण्यात मुंग्या चावतात.
डॉक्टर म्हणाले, नसांचं आहे. गोळ्या चालू केल्यात."

इरव्वा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, लुगडं पोटरीवर,
चाळीस वर्षं रंगाच्या हौदाशी उभी राहिलेली बाई.
"चावायलंय पाणी. कधीची सांगायलेय. कोण ऐकायलंय?"
मी विचारलं, कधी चावतं? पाय घातल्या घातल्या,
की थोड्या वेळानं?

ती लेकाकडे बघत राहिली,
असं कुणी विचारलंच नव्हतं बहुतेक.
"गुरगुर सुरू होते तेव्हा नाही.
टक् वाजतं आतमधे. त्याच्यानंतर."

टक् म्हणजे कॉन्टॅक्टर. कॉन्टॅक्टर म्हणजे हीटर.
अर्धं काम इरव्वानं खुर्चीत बसून केलं.

मेन पाडला. पॅनेलचे चार स्क्रू, त्यातला एक आधीच गेलेला.
आत उंदरीण बाळंत होऊन गेली होती,
घरटं पहिल्या प्रतीच्या सुताचं,
कारखान्याच्या मालात कसूर नाही.
वायरी मात्र तिनं चाखून सोडल्या होत्या.
हीटरच्या दोन्ही तारा सोडवल्या,
मेगर लावला.
पंप: काटा जागचा हलेना, चांगला.
ब्लोअर: चांगला.
हीटर:
काटा शून्याशी जाऊन पडला
उन्हानं चक्कर आल्यासारखा.

हे होतं. हीटर म्हातारे होतात, क्षार चढतो, फुटतात.
पण मग अर्थिंग काय करत होती?

हिरवी वायर सापडली मोटारीच्या मागे.
कापलेली.
टोकाला काळी टेप, तीन वेढे, नीटस,
आणि आत खोचलेली, दिसू नये अशी.

तिकडे कुणीतरी ट्रिप होणं बंद केलं होतं.
टबात पाहुणे, मॅनेजर डोक्याशी उभा,
कट् करून हिरवी तोडली, ब्रेकर गप्प,
पैसे घेतले, गेला.
आणि इथं आल्यावर साधा एमसीबी.
तो जळण्यावर पडतो, चावण्यावर नाही.

त्या टेपचे वेढे मी ओळखते.
भद्रावती पेठेत, दिवाळीच्या तोंडावर,
एका मागाची हिरवी मीही तोडली होती.
"ताई, ऑर्डर आहे, कसंबी चालू करा."
चालू केला.
रात्रभर खटखट ऐकत पडले,
पहाटे पाचला, पाळीच्या आधी, जाऊन जोडली.
कुणाला सांगितलं नाही. अप्पांनाही नाही.

हत्तुरे म्हणाले, "म्हणजे शॉक लागत होता?"
मी म्हटलं, रोज थोडाथोडा.
ते आईकडे बघेनात.

अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत, भेगाळलेला.
टबातलं सगळं पाणी बादल्या बादल्या त्यातच ओतलं.
मीठ, कोळसा.
टँकरच्या पैशाचं पाणी जमीन
चहा ओढल्यासारखं ओढत राहिली.

हीटर पुण्याहून यायला आठ दिवस.
ईएलसीबी बसवला, टेस्टचं बटन दाबलं:
खाड्. पडला. परत उचलला.
इरव्वानं एक पाऊल घातलं, मग दुसरं.
टक् वाजलं.
आम्ही तिघंही गप्प, वर पत्रा तडतडत.

"तू कुणाची गं?"
गड्डम. रिवायंडिंगवाल्या राजमल्लूची.
"हं."
कमरेच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं,
सहा गेलेल्या, चार शिल्लक,
आणि लेकापुढे धरलं:
"ह्या आता तू खा."