हातचा

क्लाइव्ह टिमिन्स काउंटरवर चुरगळलेला कागद उलगडतो.
पेन्सिलीने काढलेली हिलमन इम्प,
वर साय, खाली वांगी,
मधून हळदीचा पट्टा, बोटभर. बरं, दोन बोटं.
सगळं मिळून दोन लिटर पुरेल ना?
डडलीत, शनिवारी, सकाळी साडेआठला
मी कुणाला लगेच नाही म्हणत नाही.

आधी टेप. गाडी बाहेरच उभी आहे.
छत दीड चौरस मीटर, त्यातून वजा काही नाही.
इंजिन मागे, सामान पुढे,
म्हणजे बॉनेटला डिकी म्हणायचं आणि पुढे जायचं.
दारं दोन, काचा वजा.
दारांच्या आतल्या कडा कुणीच धरत नाही
आणि दार उघडलं की आधी त्याच दिसतात.
मग रंगाचे हात. सायीचे दोन, वांग्याचे तीन.
हळदीला खाली आधी पांढरा लागतो,
पिवळा एकटा काहीच झाकत नाही.

मग हवेचं.
गनमधून सुटलेला निम्माच रंग पत्र्यावर बसतो,
बाकीचा धुकं होऊन पंख्यातून जातो.
"निम्मा? मग मी पैसे कशाचे भरतो?"
निम्मे गाडीचे, मी म्हणते, निम्मे डडलीच्या आभाळाचे.
तो हसत नाही. चष्मा पुसतो.

आणि सांधा.
वांगी संपून हळद सुरू होते
तिथे खरं तर काहीच संपलेलं नसतं,
एक रंग दुसऱ्याखाली चार बोटं सरकून बसलेला असतो.
चिकटपट्टी सोलली की दिसते ती नुसती रेघ.
ती चार बोटं मी दोन्ही खात्यांत मांडते.

इचलकरंजीत बाबा सूत रंगवायचे.
ओली लडी अंगणात नेऊन उन्हात धरायचे,
घरातल्या बल्बवर त्यांचा विश्वास नव्हता.
एकदा काठाचा लाल कमी पडला.
दुसरी कढई लावली. तोच पुडा, तेच पाणी,
ढवळणाराही तोच.
व्यापाऱ्याने दोन लड्या शेजारी शेजारी ठेवल्या
आणि न बोलता निम्मे पैसे मोजले.
तेव्हापासून माझी कुठलीही बेरीज झाली
की ते विचारायचे, हातचा धरलास का?
शाळेत हातचा पुढच्या घरात द्यायचा असतो.
बाबांचा आमच्याच घरात राहायचा,
मोरीशेजारच्या बरणीत, वर फडकं बांधून.

इथे मशीन आहे. कोड दाबला की रंग,
ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत.
तरी मंगळवारचा वांगी आणि शुक्रवारचा वांगी
सख्खे भाऊ असतात, जुळे नव्हेत.

तर: वांगी दोन लिटर. साय पाऊण.
हळद पाव, तिच्याखालचा पांढरा पाव.
आणि वांग्यावर वर अर्धा.

क्लाइव्ह त्या अर्ध्यावर बोट ठेवतो. "हा कशाला?"
गॅरेजमधून काढताना कधी खांब लागला तर.
"एकेचाळीस वर्षं मी त्या दारातून..."
तो थांबतो.
"खांब मॉरीनने लावला होता. दोनदा.
गाडी तिचीच. तेव्हा निळी होती.
खांबावर अजून आहे निळा, इथे, गुडघ्याएवढ्या उंचीवर."
आणि खरंच वाकून गुडघ्याला हात लावून दाखवतो,
जणू खांब माझ्या काउंटरशीच उभा आहे.

मागे दोन गिऱ्हाइकं आली आहेत,
एकाला नुसता सँडपेपर हवाय.

मी विचारते, खांबाचाही धरू का?
थोडक्यात होईल, उरलेल्यात.
"नाही," क्लाइव्ह म्हणतो, अर्ध्या लिटरचे पैसे
वेगळे काढून ठेवत, सुट्या नाण्यांसकट.
"खांबाला हात लावायचा नाही."