पालथा

एकतीस वर्षं उताणा झोपून काम केलं
स्वारगेट डेपोत, गोणपाटावर, बसच्या पोटाखाली.
तोंडावर ग्रीस, डोळ्यांत गंज,
आणि माणसं ओळखायची ती पायांवरून:
ही डिझेलवाल्या खुटवडची चप्पल,
हा सायबाचा बूट, आता शिव्या.

इथं सिस्टर एस्तेर पाटोळे म्हणते,
काका, पालथे व्हा.
दोन तास. मग उजवी कूस. मग बसा. मग पुन्हा.
मी म्हटलं, आमच्यात पालथं झोपत नाहीत,
आई पाठीत धपाटा घालायची.
ती म्हणाली, घालू का मी?
प्लास्टिकच्या आत हसली असेल. दिसलं नाही.

एक उशी छातीखाली, एक ओटीपोटाखाली,
नडगीखाली तिसरी, ती नव्हतीच,
चादरीची वळकटी दिली.
तोंड डावीकडे, मास्क गालात रुतलेला,
बोटाला चिमटा, चिमट्याच्या वायरीला आकडा:
सत्त्याऐंशी.

डॉक्टर पोरगेलासा. समजावत होता,
फुप्फुसं पाठीकडे जास्त असतात, काका,
उताणे झोपलात की तीच दबतात.
मला कळलं. चेंबरच्या तळाशी गाळ बसतो,
वरून कितीही चांगलं तेल ओता.
गाडी उलटी करता येत नाही म्हणून आपण खाली शिरतो.
इथं गाडीच उलटी.

पालथ्या घड्यावर पाणी, असं मास्तर माझ्याबद्दल म्हणायचे.
त्या रात्री त्याच घड्यात
मिनिटाला पंधरा लिटर वारा सोडला होता
आणि घडा घेत होता, थोडा थोडा,
कात्रजचा चढ जुनी गाडी घेते तसा,
पहिल्या गियरवर, खोकत,
कुणीतरी उतरून ढकलेल या भरवशावर.

एकोणनव्वद.

हौसानं फोन केला. तळेगावच्या पोरीचं बाळ
आज पालथं पडलं. पेढे आणायला दुकानं कुठायत,
साखर वाटली म्हणाली, खालच्या वॉचमनला.
मी म्हटलं, माझीही वाट.

शेजारच्या खाटेवर इनामदार सर, कोंढव्याचे.
भूगोल शिकवायचे. पोट मोठं, पालथं होता येईना,
चार उशा लावल्या तरी होडीसारखे डुलायचे.
डुलत डुलत म्हणाले, कुदळे,
पृथ्वी पण अशीच कललेली आहे,
साडेतेवीस अंश,
म्हणून तर ऋतू.
एवढ्याला त्यांना चार श्वास लागले.
मी फरशीकडे बघत हूं म्हटलं.
फरशीवर पायच पाय, निळ्या पिशव्या घातलेले,
सगळे सारखे. एकही ओळखता आला नाही.

साडेतीनला ते पाय धावले.
चाकं. पडदा सर्रकन.
संगमाच्या पुलावरून मालगाडी चालली होती,
संपता संपेना.
मी मान वळवली नाही.
वळवली असती तर आकडा पडला असता.

मग कुणीतरी नडगीखालची वळकटी ओढली
आणि उशी सारली. खरी उशी.
ऊब होती तिला.

सिस्टर, म्हटलं.
खाली नेलंय त्यांना, ती म्हणाली.
सगळी नोकरी खाली काढलेल्या माणसानं
खाली म्हणजे कुठं, हे विचारायला हवं होतं.

ब्याण्णव.

मी उशीवर पाय जरा सरळ केले.

त्र्याण्णव.

दिवाळीनंतर एकदा कोंढव्याला गेलो.
घर माहीत नव्हतं, शाळेचं नाव विचारायचं राहिलेलं.
दोन स्टॉप चाललो, दम लागला,
रसवंतीपाशी बसलो आणि परत फिरलो.
येताना बसच्या मागच्या चाकाकडून
कट्‌, कट्‌ आवाज येत होता.
उतरताना ड्रायव्हरला म्हटलं,
बाबा, डेपोत गेलास की
कुणालातरी खाली पाठव.