कॉलरला अडकवलेला माइक

माझं काम एवढंच :
येईल त्याच्या कॉलरला माइक अडकवायचा,
वायर शर्टाच्या आतून कमरेपर्यंत न्यायची
आणि विचारायचं, सकाळी काय खाल्लंत?
लोक खरं सांगतात.
त्यांना वाटतं, अजून काही सुरू झालेलं नाही.

लोर्ना एचेवेरी म्हणाली, अर्धं केळं.
मग जरा थांबून :
उरलेलं अर्धं गाडीत आहे.

रीनो. मंगळवार. बाहेर एकशे चार डिग्री,
आत एसी बंद, कारण त्याची घरघर माझ्या कानात येते.
दुकानाचं दार तिला पाच वेळा उघडायला लावलं.
पहिल्या वेळी तिनं पायपुसण्यावर पाय पुसले. कट.
दुसऱ्या वेळी कॅमेऱ्याकडे बघून हसली.
मग दोनदा दारावरची घंटीच वाजली नाही.
पाचव्या वेळी जमलं :
आयुष्यात पहिल्यांदाच इथे येतेय, असं.

एप्रिलात ती येऊन गेली होती.
तेव्हा दिवे नव्हते,
मायक्रोवेव्हचे बारा डॉलर मिळाले होते.

रुमालात पट्ट्याचं बक्कल. तळहाताएवढं, चांदीचं,
मधोमध सोनेरी घोडा, मागचे पाय हवेत,
खाली कोरलेलं : ग्रातिएन एचेवेरी, १९७१.
व्हर्ल डॅनफर्थनं भिंग लावलं.
माझ्या हेडफोनात फक्त तिचं गिळणं.

काम सुरेख आहे, व्हर्ल म्हणाला. चांदी बरी.
घोडा नुसता मुलामा.
आणि नाव कोरलंय ना, त्यानं किंमत उतरते.
दुसऱ्याचं नाव अंगावर बांधून कोण फिरणार?

मी फिरले की, ती म्हणाली. त्रेचाळीस वर्षं.

ते ठेवलं नाही. मागून ट्रक गेला होता.

विकायचंय की गहाण ठेवायचंय,
हे प्रत्येक भागात विचारलं जातं,
पण गहाणात मजा नाही, असं आमची निर्माती म्हणते.
गहाण म्हणजे गोष्ट लोंबकळत राहते,
बघणाऱ्याला झोप लागत नाही.
म्हणून माणसाला आधीच बाजूला घेऊन समजावतात.
लोर्नालाही समजावलं. तिनं मान डोलावली.
आणि दिवे लागल्यावर म्हणाली, गहाण.
पुन्हा घेतलं. गहाण.
पुन्हा.
तिसऱ्यांदा म्हणाली, विकायचंय,
आणि तुम्ही बघितलंत ते तेवढंच.
तिचे तीनशे, त्याचे एकशे दहा,
एकशे चाळीसवर हातात हात.

पुढचा माणूस पियानो घेऊन उभा होता,
त्या गडबडीत तिचा माइक काढायचा राहिला.

गाडीचं दार लागल्याचा आवाज.
मग नोटा.
बात, बी, हिरू, लाउ, बोस्त, सेइ, साझ्पी.
मला ती भाषा येत नाही. तिच्या सासऱ्यांची असावी,
डोंगरात मेंढ्या राखणाऱ्यांची.
पण मोजणं कोणत्याही भाषेत ओळखू येतं.
सात झाल्या, की पुन्हा बातपासून.
चार वेळा मोजलं. वाढलं नाही.
मग केळ्याची साल,
आणि चावणं, बराच वेळ, जितकं मऊ केळं
तितका वेळ लागायला नको होता.

मी धावत जाऊन माइक आणायला हवा होता.
हेडफोन काढायला तरी हवा होता.
मी पियानोवाल्याला विचारलं, सकाळी काय खाल्लंत,
आणि त्याचं उत्तर ऐकलं नाही.

तीच परत आली. सहाव्यांदा.
घंटी वाजली. तिनं पाय पुसले,
आधी डावा, मग उजवा, सावकाश,
कोणी कट म्हणालं नाही.

हे तुमचं, म्हणाली. पगारातून कापलं असतं.
वायर नीट गुंडाळलेली, वर रबर लावलेलं.
किती किंमत असेल याची?
आठशे, मी म्हणालो.

तिनं माइक हातात तोलून बघितला.
एवढ्यात तर घोडा येईल, ती म्हणाली.
म्हातारा. पण खरा.