त्रेसष्ट मायक्रॉनची चाळण

महापेच्या गाळ्यात, मागच्या थंड खोलीत
अरबी समुद्राचा तळ झोपवून ठेवलाय
उभा चिरून, मीटर-मीटरच्या पन्हळ्यांत.
बाहेर पाटी फक्त 'युनिट ४१२'.
शेजारी ब्रेकचे लायनर बनवतात.

माझं काम धुण्याचं.
एक सेंटीमीटर गाळ कापायचा, चाळणीवर सोडायचा,
धार बारीक ठेवायची,
आये जवळा धुते तशी, फक्त जास्त सावकाश.
चिखल निघून जातो.
उरतात शिंपले, साखरेच्या दाण्याहून लहान,
त्यांच्या भिंतींत त्या वेळच्या पाण्याची ऊब.
ऊब कळते. साल कळत नाही.
कार्बनचं घड्याळ पन्नास हजार वर्षांच्या आसपास
धापा टाकत खाली बसतं.

मग एखाद्या सेंटीमीटरात काच लागते.
फुटलेल्या बुडबुड्याची कड, वाकडी, पारदर्शक,
ओल्या कुंचल्याच्या एका केसावर उचलावी लागते.
कुरियन सर म्हणतात, आधी कुळी तपासा.
सिलिका इतकं, पोटॅश इतकं:
सुमात्रातला डोंगर फुटला त्याची राख,
चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीची.
ही राख थंडी सांगत नाही, पाऊस सांगत नाही,
ती नुसता खिळा ठोकते.
दूरच्या दुसऱ्या पन्हळीतही तोच खिळा सापडला
की दोन समुद्र एकमेकांशी तारखेवर बोलू लागतात.

गेल्या महिन्यात रोहिदास फॉर्म घेऊन आला.
खाडीपुलाची भरपाई. रकाना सात:
मासेमारी कोणत्या सालापर्यंत केली?
बा नाही आता सांगायला.
रोहिदास म्हणाला शहाण्णव, मी म्हटलं अठ्ठ्याण्णव,
आवाज चढले.
आये लसूण सोलत होती, मान वर न करता म्हणाली,
"राख पडली ना, त्या रातचा जवळा तुमच्या बानंच आणलेला.
तीनदा धुतला, तरी दाताखाली कचकचला.
मंग नाय गेला तो."

राख म्हणजे पावण्याचा रंगाचा कारखाना जळाला ती.
दिवाळ्यात सकाळी उठून पाहिलं तर
होड्या करड्या, दोऱ्या करड्या, मांजराची पाठ करडी.
गावाला ती रात्र पाठ आहे.
नाथाची सून राखेच्या आठवड्यात आली,
धनाजीचा थोरला राखेनंतर तिसऱ्या अमावास्येचा.
फक्त साल कुणाकडे नाही.

राखेचं वय राख सांगत नाही,
ही गोष्ट मी रोज पगार घेऊन ऐकते.
ते दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कसल्या घड्याळाने
काढून ठेवलेलं असावं लागतं.
अग्निशमनवाल्यांचं रजिस्टर दोन हजार पाचच्या पाण्यात गेलेलं.
शेवटी शाळेच्या कपाटात हजेरीपट निघाला:
सहावी ब, क्रमांक एकोणतीस, तांडेल रोहिदास पोशा,
तीन दिवस गैरहजर. शेरा: धुराने खोकला.
फेब्रुवारी, सत्त्याण्णव.
दोघंही चुकलो होतो, एकेका वर्षाने.
रोहिदास आपलंच नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

रकाना भरला. सही केली.
परतताना रिक्षात मी उगाच विचारलं,
"आये, नक्की त्याच रात्री ना? आदल्या नाही?"
ती बाहेर पाहत राहिली, थेट उरण फाट्यापर्यंत.

आज सव्वीस नंबरच्या सेंटीमीटरातही काच लागली,
नसायला हवी होती.
तळाशी किडे असतात, सर म्हणाले,
राख पडल्यावरही ते जगतात, बिळं करतात,
थोडी वर नेतात, थोडी खाली.
रेघ कधीच रेघ नसते.
जिथे दाणे सगळ्यात जास्त, तिथे पेन्सिल लाव.

मी मोजते आहे. एकशे बारा. एकशे तेरा.
डब्यात भात आहे, बाजूला सुका जवळा,
आयेने सकाळी धुतलेला,
तीनदा,
सत्त्याण्णवपासून.