सॉरीपुढे काय येतं

कॅनडा कॉर्नरला, झेरॉक्सच्या दुकानावर,
जिना चढून दुसरं दार. सात ते साडेआठ.
इथून कॅनडाला निघालेली चौदा पोरं
आणि मी, अंबडहून सुटून थेट आलेली,
नखांत वार्निशचा वास अजून.

फी कंपनी भरते.
जर्मनीची माणसं ऑडिटला येणार,
सुपरवायझरला चार वाक्यं तरी यावीत, म्हणाले साहेब.
सुपरवायझर मी कशी झाले
ते वाक्य अजून कुणी विचारलेलं नाही.

बागूल सर फळ्यावर रकाने पाडतात.
डावीकडे विशेषणं: हॅपी, ईझी, अफ्रेड, टायर्ड.
उजवीकडे क्रियापदं, लग्नाला उभी.
"ईझीला टू लागतं. टायर्डला ऑफ लागतं,
ऑफनंतर आयएनजी. का, ते विचारायचं नाही."
मी नाही विचारत.
सोयरीक अशीच असते, कुणाला काय चालतं ते पाठ करायचं.
इट इज ईझी टू वाइंड अ कॉइल.
आय अ‍ॅम टायर्ड ऑफ स्टँडिंग.
हे पायांना विचारून लिहिलं, बरोबर निघालं.

मग यूज्ड टू.
"पूर्वी करायचो, आता करत नाही. एकेक लिहा."
शेजारचा मुलगा लिहितो, आय यूज्ड टू प्ले क्रिकेट.
एकोणीस वर्षांचा. एवढ्यात संपलंसुद्धा.

मी लिहिलं,
लंका यूज्ड टू कीप अ सीट फॉर मी.
निमाणीहून सहा दहाला सुटायची बस,
मी रविवार कारंजाला चढायचे.
तोवर खिडकीपाशी डबा ठेवून लंका गांगुर्डे
उभ्या माणसांशी भांडत असायची,
"येतीय ती, दिसंना का, डबा हाय तिचा!"
डबा तिचाच. आत नागलीची भाकरी,
अर्धी माझी.
लाईनवर तार सोडताना ती वेढे मोठ्यानं मोजायची
आणि तिच्या मोजण्यावर मी माझी कॉइल भरायचे.

सरांनी टिक केली.
"म्हणजे आता ठेवत नाही. करेक्ट."

सर, मराठीत असं नाही हो.
जागा धरायची, एवढंच म्हणतो आम्ही.
पुढे धरेल का, ते वाक्य सांगत नाही.
दार नुसतं लोटलेलं असतं.
तुमचं यूज्ड टू बाहेरून कडी घालतं.
हे सगळं मनात. तोंडानं, येस सर.

गेटपाशी मंडप एकेचाळीस दिवस होता.
बेचाळिसाव्या दिवशी मी आत गेले.
पोराची फी होती, हे खरं.
भीती होती, हेही.
अफ्रेड ऑफ लूझिंग. अफ्रेड टू लुक.
तरी दिसलंच.
ती सतरंजीवर, पहिल्या रांगेत.
बाकीच्या ओरडल्या. ती नाही.
तिनं फक्त शेजारी ठेवलेला डबा
उचलून मांडीवर घेतला.

आता पेठ नाक्यापलीकडे टोमॅटो निवडते म्हणतात,
क्रेटवर मजुरी.

सुटायला पाच मिनिटं असताना सरांनी सॉरी काढलं.
"सॉरी टू म्हणजे आत्ता त्रास देतोय. दार वाजवलं, फोन केला.
सॉरी फॉर, पुढे आयएनजी, म्हणजे होऊन गेलेलं."
बघा, म्हणजे मला दोन्ही लागणार,
आधी टू, मग फॉर.
माफ कर म्हणायला केवढं तोंड उघडावं लागतं,
देवळात उभं राहिल्यासारखं.
हे कसं, चपला न काढता म्हणता येईल.

लिहिलं, आय अ‍ॅम सॉरी फॉर गोइंग इन.
सर वाकले. "मिसेस खैरनार, इन कुठे? वाक्य अपुरं आहे."
आत, सर. कंपनीत. कामाला.
"मग तसं लिहा की,
सॉरी फॉर गोइंग टू वर्क."
पोरं हसली.
कामाला गेल्याबद्दल सॉरी कोण म्हणतं?

मी खोडलं नाही.