समोरच्या सोप्यावर

शालन म्हणाली, मांजर आणूया.
मी म्हणालो, बघू.
आमच्या घरात हे तिसऱ्यांदा झालं,
आधी फ्रीजचं, मग बोअरवेलचं,
आणि दोन्ही वेळा बहीण वर्षभरात जिंकली.

पणजीच्या दुकानात काचेमागे एक पिल्लू होतं,
पिंजलेल्या कापसाचं, नाक चेपलेलं.
किंमत ऐकून शालननं पर्सची चेन
होती त्याहून घट्ट ओढली.
"एवढ्यात पाडी येईल," बाहेर येऊन म्हणाली,
"आणि ती पुढे दूध तरी देईल."

म्हापशाला एक बाई टाकलेली पिल्लं देतात.
त्यांचा फॉर्म चार पानी.
खिडक्यांना जाळी आहे का?
आमच्या खिडक्यांना अजून शिंपले आहेत,
दोन फुटलेत, तिथे पुठ्ठा.
घरात कोण कोण?
भाऊ, बहीण.
वय?
त्रेसष्ट, साठ.
मांजर किती वर्षं जगतं, ठाऊक आहे का?
तिथे पेन थांबलं.

पंधरा, शालन म्हणाली, नीट सांभाळलं तर अठरा.
पंधरा मी त्रेसष्टात मिळवले,
मग साठात,
आणि काही न बोलता चहा ठेवायला उठलो.
चौतीस वर्षं फेरीबोटीवर
वऱ्हाडं, आजारी माणसं, गॅसची सिलिंडरं,
एकदा तर गाभण म्हैस,
सगळं पार पोचवलं मी.
आधी कोण उतरणार
हे कधी विचारावं लागलं नाही.
रॅम्प खाली आला की
ज्याला घाई तो पुढे.

फॉर्म फ्रीजवर राहिला, चुंबकाखाली,
विजेच्या बिलाला टेकून.

मे महिन्यात समोरचा इनास विलायतेला निघाला.
पोर्तुगीज पासपोर्ट, बायको, दोन मुलं, सात बॅगा.
मला चावी दिली,
मानकुरादचे आंबे उतरवून खा म्हणाला,
आणि मग, बूट घालता घालता, जणू आठवलं म्हणून:
सिल्वीकडे जरा बघा.
आठ वर्षांची आहे. त्रास नाही तिचा.
फक्त कोंकणीच समजते.

आठ.
मी पुन्हा हिशेब केला.
सत्तर. सदुसष्ट.
हे जमण्यासारखं होतं.

टोपलीत घालून रस्ता ओलांडून आणली.
शालननं पंजांना तूप लावलं,
चाटून होईतो मांजर घर विसरतं म्हणे.
सिल्वीनं तूप चाटलं, चारही पंजांचं, सावकाश,
आणि गेली.
दुसऱ्या दिवशी दार लावून घेतलं.
रात्रभर तिनं असा गळा काढला
की पहाटे पोदेरानं पाव देताना विचारलं,
घरात कोणी आजारी आहे का.
दार उघडलं.
उजेड पडला तेव्हा ती
इनासच्या बंद दारासमोर, सोप्यावर,
शेपटी पायांभोवती गुंडाळून बसली होती.

"मांजर घर धरतं, माणसं नाही,"
शालन म्हणाली.
वास्कोचं स्थळ आलं होतं तिला, चांगलं, बंदरात नोकरी.
नदीकडे बघत नको म्हणाली होती.
मी तेव्हा कारण विचारलं नाही,
आताही नाही.

मग एका संध्याकाळी
पेडव्यांची डोकी वाटीत घेऊन
तीच पलीकडे गेली.
वाटी ठेवली, आणि बसली.
मी खिडकीतून बघत होतो.
दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.
अंधार पडला तरी कोणी उठेना.

म्हापशाच्या बाईंचा फोन आला,
फॉर्मचं काय झालं?
मी म्हणालो, बघतो.
शालन हसली, वाटी घासता घासता.

आता चहा मी तिकडेच नेतो.
अकरा पावलं, मोजलीत.
दोन कप, खिशात बिस्किटांचा पुडा.
फेरीवर याच्या कितीतरी पट अंतर
दिवसातून चाळीसदा कापायचो,
पण परतायला
इतका उशीर कधी झाला नव्हता.