पाच पायऱ्या

सोमवती नको, पौर्णिमा नको, रविवार तर नकोच,
सासवडहून आक्कांनी फोनवर बजावलं,
चंपाषष्ठीचं नावही काढू नका या वयात.
मग कालनिर्णयावर बोट फिरवत फिरवत
आम्ही एका साध्या बुधवारवर आलो,
ज्याला कुठलीच तिथी धड चिकटलेली नव्हती
आणि माझी एक किरकोळ रजा शिल्लक होती.

हडपसर गाडीतळावरून सहाची गाडी.
दिवे घाटात मला लागते, म्हणून खिडकी आणि आवळासुपारी.
चपला जुन्या, गेल्या तरी हळहळ नको अशा.
साडी कुठली यात दोन दिवस गेले.
भंडारा निघत नाही म्हणे, कितीही घासा.
मग निघू नये अशीच एखादी नेस, हे म्हणाले
आणि लगेच पेपरात तोंड खुपसून बसले.

यांच्या किती खेपा झाल्या, यांनाच माहीत नाही.
माझी पहिलीच.
माझ्या माहेरी, देवरुखाकडे, देव आडबाजूला असतो,
नारळ ठेवला की गप्प, फार विचारत नाही.
जेजुरीचा देव हाका मारून घेतो, आक्का सांगतात,
आणि नवरानवरीनं जायचंच असतं,
नवऱ्यानं नवरीला पाच पायऱ्या उचलून न्यायचंच असतं.

नवरी म्हणजे मी. एकावन्न पूर्ण.
रजिस्टर लग्न, साक्षीला यांचा मुलगा
आणि आमच्या ऑफिसातल्या टेंबेबाई.
नवरदेवाच्या कमरेत एक मणका सरकलेला,
डॉक्टरांनी लिहूनच दिलंय, पाच किलोच्या वर काही नाही.
मी बासष्ट. सकाळी, चहाच्या आधी.

पितळी डब्यांच्या मागे एक यादी सापडली,
रत्नमालाताईंच्या अक्षरात, निळ्या शाईत:
खोबऱ्याच्या वाट्या पाच. विड्याची पानं.
भंडारा तिथेच घ्यावा, सासवडात महाग.
दिनूला गर्दीत कडेवर.
ह्यांचा डबा वेगळा, तिखट कमी.
मी ती तशीच उतरवून घेतली.
दिनूची ओळ गाळली, दिनू आता चाकणला फोरमन आहे,
गाडी घेऊन येतो म्हणाला, मीच नको म्हटलं.
तिखट कमी, ते ठेवलं.

म्हाळसा वर, देवाच्या शेजारी, आक्का सांगत होत्या,
बाणाई अर्ध्या डोंगरावर, दुसरी ना ती.
तिच्यापाशीही थांबायचं, विसरायचं नाही.
मी विचारलं, तिला भेटायला देव खाली येतो
का तीच चढून जाते?
आक्का म्हणाल्या, आवाज तुटतोय गं तुझा,
ठेवते.

काल रात्री साडेअकराला लिफ्ट पुन्हा बंद.
कचऱ्याची बादली ठेवून वर येताना
जिन्याच्या तोंडाशी हे थांबले. चल, म्हणाले, तालीम.
अहो, लोक बघतील.
लोक झोपलेत.
एक हात पाठीशी, एक गुडघ्यांमागे,
बँकेची तिजोरी हलवावी तसं मोजूनमापून
यांनी मला उचललं. एक चप्पल खाली पडली.
दुसऱ्या मजल्यावर भोंगळ्यांचं कुत्रं भुंकलं.
पहिली पायरी.
तेवढ्यात जिन्यातला दिवा विझला,
तो दोन मिनिटांनी आपोआप विझतो, सोसायटीचा ठराव आहे.
मिट्ट काळोखात यांचा श्वास माझ्या कानाशी,
गव्हाच्या चाळणीसारखा खरखरत.
ठेवा खाली, मी म्हटलं.
थांब जरा, हे म्हणाले,
कुठं ठेवू ते दिसत नाहीये.

आज कमरेला पट्टा आहे. बाम मीच लावला.
एकच पायरी झाली, चार राहिल्या,
हे यांनी दोनदा सांगितलं, आपण होऊन.
बुधवारला अजून नऊ दिवस आहेत.
रात्रीचा भात मी बंद केलाय.
विचारलं तर सांगायचं, पित्त झालंय.